गिळलेल्या मुगांना मोड येतात

"काय झालं?"

"काही नाही."

जेमतेम दोन सेकंदांचा संवाद. विचारणाऱ्याचं समाधान झालेलं नसतं, सांगणाऱ्याचं ओझं उतरलेलं नसतं, तरी दोघंही आपापल्या कामाला लागतात. मूग गिळून गप्प बसणं म्हणतात ते हेच. हा वाक्प्रचार ज्याने घडवला त्याने मूगच का निवडले कोण जाणे, पण निवड अचूक आहे. कोरडा मूग सहज गिळता येतो. ओल आणि ऊब मिळाली की तो फुगतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला मोड येतात. न बोललेल्या गोष्टीचंही असंच चालतं. गिळताना फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते नंतर, आजूबाजूला कोणी नसताना.

अर्थात त्या क्षणीही शरीर स्वस्थ नसतंच. १९९३ साली जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना किळस येईल अशा चित्रफिती दाखवल्या आणि त्यांतल्या काहींना सांगितलं, की चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. त्यांनी ते बऱ्यापैकी जमवलं. पण नंतर विचारलं तेव्हा किळस त्यांनाही इतरांइतकीच आली होती, आणि त्वचेवरचा घाम, शरीर सावध झाल्याच्या इतर काही खुणा, या उलट वाढल्या होत्या. भावना लपवल्याने ती कमी झाली नाही. लपवण्याची मेहनत तेवढी वर पडली. आवंढा गिळतानाची कळ हीसुद्धा त्याच जातीची. रडू दाटून आलं की जास्त हवा आत यावी म्हणून घशातली फट उघडी राहू पाहते, आणि गिळायचं तर ती मिटावी लागते. एकाच जागी दोन उलट हुकूम सुटतात आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात तिथे काहीच अडकलेलं नसतं.

ही मेहनत लक्ष खाते. जेन रिचर्ड्स आणि ग्रॉस यांनी २००० साली दाखवलं, की चेहरा सांभाळत बसलेल्या माणसाला त्या वेळी काय सांगितलं गेलं ते कमी आठवतं. "मी असं म्हणालोच नव्हतो", "तू म्हणाला होतास" या नेहमीच्या भांडणात खोटं कोणीच बोलत नसतं, असंही असू शकतं. दोघांपैकी एकजण त्या वेळी स्वतःच्या तोंडाला कुलूप लावण्यात गुंतलेला असतो, ऐकायला उरलेला नसतो.

आणि समोरच्याला हे कळत नाही, हाही गैरसमजच. एमिली बटलर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली एकमेकींना न ओळखणाऱ्या स्त्रियांच्या जोड्यांना एक अस्वस्थ करणारी चित्रफीत दाखवून तिच्यावर बोलायला लावलं. काही जोड्यांत एकीला गुपचूप सूचना होती, की मनातलं चेहऱ्यावर येऊ देऊ नका. तेव्हा रक्तदाब वाढला तो तिच्यासमोर बसलेल्या, काहीच ठाऊक नसलेल्या बाईचाही. कारण शब्दांत सांगता येत नव्हतं, पण हिच्याशी जुळत नाही एवढं तिला जाणवत होतं. आपण त्रास होऊ नये म्हणून गप्प बसतो, आणि त्रास पोचायचा तो पोचतोच. फक्त बिननावाने पोचतो.

आता नंतरचं. गुपित ठेवणं म्हणजे कोणी विचारलं की टाळाटाळ करणं, असं आपल्याला वाटतं. मायकेल स्लेपियन यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून वेगळंच दिसलं. माणसाकडे सरासरी तेरा गुपितं असतात आणि त्यांतली पाच कोणालाच सांगितलेली नसतात. पण लपवाछपवी करण्याची वेळ येते त्यापेक्षा जास्त वेळा मन एकटं असताना आपणहून त्या गुपिताकडे जातं, आणि अस्वस्थता जोडलेली असते ती या फेऱ्यांशी. "विचारच करायचा नाही" हा उपाय तर आधीच निकालात निघालेला. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं आणि आला तर घंटी वाजवायला लावली. घंट्या वाजत राहिल्या. पुढे विचार करायला परवानगी मिळाल्यावर या लोकांच्या डोक्यात, सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षा, अस्वल जास्त वेळा आलं.

न बोललेल्या वाक्याच्या बाबतीत या फेऱ्यांना एक खास रूप येतं, आणि नुकसान नेमकं इथेच होतं असं मला वाटतं. मनात पूर्ण संवाद सुरू होतो. आपण बोलतो, समोरचा उत्तर देतो, आपण त्याला खोडतो. पण समोरच्याची वाक्यं लिहिणारेही आपणच. ती आपल्या भीतीच्या मापाने लिहिली जातात. पहिल्या फेरीत तो "बघू" म्हणतो, पाचव्या फेरीत "तुझं नेहमीचंच आहे" म्हणतो, विसाव्या फेरीत उठून निघून जातो. खऱ्या माणसाने यातलं काहीही केलेलं नसतं. तो शेजारच्या खोलीत झोपलेला असतो. नवी माहिती शून्य, आणि मत मात्र दर फेरीला पक्कं होत जातं. महिन्याभराने आपण त्या माणसाशी वागतो ते त्या विसाव्या फेरीतल्या माणसाशी वागावं तसं. त्याला कळत नाही आपलं काय चुकलं, आणि आपल्याला वाटतं, एवढंही कळू नये?

रात्री तीन वाजता ही फेरी चालू असेल तर ओळखायची खूण सोपी आहे. विचार पुढे सरकत असेल, म्हणजे "उद्या अमुक करतो" इथवर येत असेल, तर तो विचार. तेच वाक्य नव्या आवाजात परत येत असेल, तर ती फेरी.

हे वर्षानुवर्षं चाललं की सवयीचा स्वभाव होतो. डेना जॅक यांनी नैराश्य सोसणाऱ्या स्त्रियांशी बोलून त्याला 'स्वतःला गप्प करणं' असं नाव दिलं आणि १९९२ साली डायना डिल यांच्याबरोबर ते मोजण्याची एकतीस विधानांची प्रश्नावली केली. तिच्यात चार धागे आहेत: स्वतःची किंमत दुसऱ्यांच्या नजरेने करणं, दुसऱ्याची गरज आधी म्हणजेच प्रेम असं धरून चालणं, वाद टाळण्यासाठी बोलणं गिळणं, आणि बाहेरून समजूतदार दिसताना आतून धुमसत राहणं. शेवटचा धागा मला सर्वांत बोलका वाटतो. "किती शांत स्वभाव आहे" ही शाबासकी पुष्कळदा त्यालाच मिळालेली असते.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या हृदयविकाराच्या दीर्घ अभ्यासाचा एक भाग २००७ साली प्रसिद्ध झाला. नवऱ्याशी वाद होताना मनातलं मनातच ठेवणाऱ्या विवाहित स्त्रियांचा दहा वर्षांतला मृत्यूचा धोका बोलणाऱ्या स्त्रियांच्या सुमारे चौपट दिसला. पुरुषांत असा फरक दिसला नाही. हा आकडा सांगताना पुष्कळ जण "गप्प बसाल तर मराल" इथवर जातात. तसं तो म्हणत नाही. दोन गोष्टी बरोबर दिसल्या, एवढंच. ज्या घरात बोलायची सोय नसते तिथे इतरही बऱ्याच गोष्टींची सोय नसते, हेही त्यात मिसळलेलं असणार. तरी तो आकडा उडवून लावण्यासारखा नाही.

मग प्रत्येक गोष्ट बोलूनच टाकावी का? नाही. गप्प राहण्याचे दोन प्रकार एकाच शब्दात कोंबल्यामुळे गोंधळ होतो. एक, निवडलेलं मौन: आत्ता नको, किंवा याला सांगण्यात अर्थ नाही, किंवा ही गोष्ट माझी एकट्याची आहे. दुसरं, भीतीने गिळलेलं. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात. फरक दुसऱ्या दिवशी कळतो. निवडलेलं मौन दुसऱ्या दिवशी आठवतही नाही. गिळलेलं आठवतं, आणि त्याच्याबरोबर त्या माणसाबद्दल एक बारीकशी अढी सापडते. शिवाय गप्प राहणं सगळ्यांना सारखंच बाधतं असंही नाही. बटलर आणि सहकाऱ्यांच्याच २००७ सालच्या अभ्यासात, संयमाला मान देणाऱ्या आशियाई मूल्यांच्या स्त्रियांमध्ये भावना आवरण्याचे वाईट परिणाम कमी दिसले. आवरणं ही रीत असेल तर ती तितकी जाचत नाही. भीतीपोटी आवरणं जाचतं.

आणि जिथे बोललं तर मार बसेल, डोक्यावरचं छप्पर जाईल किंवा पोटावर पाय येईल, तिथे गप्प राहणं हा भित्रेपणा नव्हे, ती अक्कल आहे. अशा माणसाला "मन मोकळं कर" असं सांगणं सोपं असतं, कारण परिणाम सांगणाऱ्याला भोगायचे नसतात. तिथे आधी सुरक्षित जागा, विश्वासाचा तिसरा माणूस, मगच बोलणं. तेही त्याच माणसाशी बोललं पाहिजे असं नाही.

दुसरी गल्लत म्हणजे मोकळं होणं आणि भडास काढणं एकच समजणं. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ सालच्या प्रयोगात, चिडवलेल्या माणसांनी ज्याने चिडवलं त्याला डोळ्यांसमोर आणत पंचिंग बॅगवर ठोसे मारले. ते सर्वांत जास्त चिडलेले राहिले. जे नुसतेच दोन मिनिटं गप्प बसले त्यांचा राग त्यांच्यापेक्षा कमी होता. म्हणजे वाफ कोंडली की स्फोट होतो, हे प्रेशर कुकरचं गणित रागाला लागू पडत नाही. तसंच मैत्रीतलं. अमांडा रोझ यांनी २००२ साली शाळकरी मुलामुलींत पाहिलं, की एकच दुखणं दोघं मिळून पुन्हा पुन्हा उगाळत असतील तिथे मैत्री जास्त घट्ट असते आणि उदासीही जास्त असते. दोन्ही एकदम. म्हणून मैत्रिणीशी तासभर बोलूनही जड वाटत असेल, तर दोष बोलण्याचा नसतो. एकटीने मारायच्या फेऱ्या दोघींनी मिळून मारलेल्या असतात, इतकंच.

काय करायचं त्याची सुरुवात कागदावर करणं सोयीचं, कारण कागद दचकत नाही. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला सर्वांत लागलेल्या गोष्टीवर लिहायला लावलं. ज्यांनी घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं दोन्ही लिहिलं, ते पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. नुसती भावना किंवा नुसती हकिगत लिहून तेवढा फायदा झाला नाही. नंतरच्या शंभरावर अभ्यासांची सरासरी काढली तर लाभ लहानच निघतो, पण पंधरा मिनिटांच्या मानाने स्वस्त आहे. करायचं असं: वेळ लावून बसा, हात थांबवू नका, शुद्धलेखन पाहू नका, काही सुचलं नाही तर आधीचं वाक्य पुन्हा लिहा. लिहून झाल्यावर अर्धा-एक तास मन जड होतं. ते बिघडल्याचं लक्षण नव्हे, पण म्हणूनच झोपायच्या अगदी आधी लिहू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मजकुरात "कारण", "म्हणून", "लक्षात आलं" असे शब्द येऊ लागले तर लिहिणं कामी येतंय असं समजा. चारही दिवस तोच मजकूर त्याच शब्दांत उतरत असेल तर थांबा; ती कागदावरची फेरी आहे. आणि लिखाण फाडायचं की ठेवायचं हे आधीच ठरवा. कोणी वाचेल ही धास्ती असली की हात आपोआप सभ्य लिहू लागतो.

लिहिलेल्यातून एक वाक्य काढायचं. एकच. थॉमस गॉर्डन यांनी रुळवलेली 'मी'पासून सुरू होणाऱ्या वाक्याची पद्धत इथे उपयोगी पडते: काय घडलं, मला काय झालं, मला काय हवंय. "काल सगळ्यांसमोर तू माझ्या कामावर हसलास. मला अपमान वाटला. पुढच्या वेळी काही चुकलं तर मला एकट्याला सांग." पहिला भाग कॅमेऱ्याने टिपला असता असा हवा. "तू हसलास" कॅमेऱ्यात येतं, "तू मला किंमत देत नाहीस" येत नाही. दुसऱ्या भागात सगळ्यांचा पाय घसरतो. "मला वाटतं तू स्वार्थी आहेस" हे 'मी'चं वाक्य नाही, आरोपाला 'मला वाटतं'चा सदरा घातलेला आहे. वाईट वाटलं, लाज वाटली, भीती वाटली, एकटं वाटलं, राग आला: एका शब्दात मावतं ते खरं. नेमका शब्द सापडणं हेही काही कमी काम नव्हे. मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ सालच्या मेंदूच्या चित्रणात, चित्रातल्या चेहऱ्यावर दिसणाऱ्या भावनेला नुसतं नाव दिलं तरी मेंदूतल्या अमिग्डाला या धोका हेरणाऱ्या भागाची धावपळ कमी झालेली दिसली. तिसरा भाग वगळला तर समोरच्याला फक्त अपराधी वाटतं आणि पुढे काय करायचं ते कळत नाही.

सुरुवात सर्वांत मोठ्या गोष्टीने करू नये. बोलायची भीती किती वाटते त्याच्या शून्य ते दहा मोजपट्टीवर तीनची गोष्ट घ्या: आवाज कमी करशील का, मला आज यायला जमणार नाही, माझं नाव चुकीचं लिहिलंय. बोलण्याआधी चिठ्ठीवर लिहा: काय होईल असं वाटतं, आणि त्याची खात्री किती टक्के. बोलून झाल्यावर खाली लिहा: प्रत्यक्षात काय झालं. आठ-दहा चिठ्ठ्या साठल्या की विसाव्या फेरीतला तो निघून जाणारा माणूस किती वेळा खरोखर निघून गेला ते दिसतं. एमा लेव्हाइन आणि टाया कोहेन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, काही लोकांना तीन दिवस प्रत्येकाशी पूर्ण खरं बोलायला सांगितलं होतं. आधी अंदाज विचारले तेव्हा लोकांना वाटलं होतं, की हे नकोसं होईल आणि माणसं दुरावतील. अनुभव अंदाजापेक्षा बरा निघाला.

वेळ निवडण्याला वाक्याइतकंच महत्त्व आहे. जॉन गॉटमन आणि सिबिल कॅरेर यांना नवविवाहित जोडप्यांच्या वादाच्या पहिल्या तीन मिनिटांवरूनच, पुढच्या सहा वर्षांत कोण वेगळं होईल याचा अंदाज बांधता आला होता. म्हणून पहिलं वाक्य तयार असलेलं बरं. नाडी मिनिटाला शंभरावर गेली असेल तर बोलणं थांबवा. शरीर खाली यायला निदान वीस मिनिटं लागतात. पण "मला वीस मिनिटं दे, मग बोलू" असं सांगून उठा. न सांगता उठलात तर समोरच्याच्या डोक्यात त्याच्या फेऱ्या सुरू होतात. भूक, घाई, तिसरा माणूस, चालू गाडी यांपैकी काही असेल तर वाट बघा. चार ओळींहून लांब मेसेज पाठवायचा मोह झाला तर तो मजकूर कागदाचा आहे असं समजावं.

बिघडतं ते बहुतेक वेळा ठरावीक ठिकाणीच. "अगदीच छोटी गोष्ट आहे, राग मानू नकोस, कदाचित माझंच चुकत असेल" अशी लांबलचक प्रस्तावना, की मुद्दा येईपर्यंत तो मुद्दा उरतच नाही. किंवा एकदाची हिंमत आली म्हणून सात वर्षांची थकबाकी एकाच बैठकीत वसूल करणं. किंवा तिथल्या तिथे कबुलीची अपेक्षा. तुम्ही हे वाक्य महिनाभर घोळवलंय, समोरच्याने आत्ता ऐकलंय. त्याला एक दिवस द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी "उगाच बोललो" असं वाटतं, ते जवळपास सगळ्यांना वाटतं. त्या भरात "सोड ते, विसरून जा" असा निरोप पाठवला की सगळी मेहनत पाण्यात जाते. चोवीस तास काही पाठवू नये.

ऐकणाऱ्याचंही थोडं. दिवसभराच्या धांदलीत, जाता जाता, पाठमोरं विचारलेल्या "काय झालं?"ला "काही नाही" हेच उत्तर मिळणार. बसून विचारावं, आणि उत्तरानंतर दहा सेकंद स्वतः काही बोलू नये. "ऐकू का, की काही सुचवू?" हा प्रश्न आधीच टाकला तर निम्मे गैरसमज टळतात. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या चमूंचा अभ्यास करताना धरलं होतं, की चांगल्या चमूंत चुका कमी असतील. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चांगल्या चमूंच्या नावावर जास्त चुका नोंदलेल्या निघाल्या. तिथे चूक सांगायची भीती नव्हती. घरालाही हे लागू आहे. ज्या घरात कधीच तक्रार ऐकू येत नाही, त्या घराबद्दल मला थोडी काळजी वाटते.

काही गोष्टी मात्र वाक्य रचून सुटत नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच मन खाली असेल, झोप किंवा भूक बदलली असेल, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या असतील, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. काही जणांना आत काय चाललंय त्याचं नावच सापडत नाही, फक्त पोट दुखतं, छाती जड होते. तेही तिथे सांगण्यासारखंच आहे. आणि जगू नये असं वाटत असेल तर वाक्य, वेळ, नाडी काही बघायचं नाही. जो जागा असेल त्याला, आत्ता, मोडकंतोडकं सांगायचं. समोरच्याबद्दल तशी शंका आली तर सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हे खरं नाही.

राहिलं ते पहिलं "काही नाही". ते तोंडातून गेलं म्हणजे विषय मिटला असं लोक धरून चालतात, आणि मग पुढच्या भांडणाची वाट बघतात. पण हुकलेलं बोलणं उघडायला मुहूर्त लागत नाही. दोन दिवसांनी, भांडी आवरताना किंवा चालता चालता, एवढं म्हटलं तरी पुरतं: "परवा तू विचारलंस तेव्हा मी काही नाही म्हणाले. होतं काहीतरी. आत्ता सांगू का?"